मध्यावरचा काटा

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. थंडीचे दिवस, शनिवार-रविवारची सुट्टी, आणि तीन गाड्यांचा आमचा तांडा अबू धाबीहून लिव्याकडे निघालेला. लिवा म्हणजे अमिरातीच्या दक्षिण टोकाचा खजुरीच्या बागांचा पट्टा. त्याच्या पुढे रुब-अल-खाली सुरू होतो, म्हणजे शब्दशः 'रिकामा चतकोर', आणि तो पार सौदी, ओमान, येमेनपर्यंत पसरलेला आहे. लिव्याजवळच तल मोरीब नावाची वाळूची प्रसिद्ध टेकडी आहे. उंची ३०० मीटरच्या आसपास आणि चढ ५० अंशांचा सांगतात. दर हिवाळ्यात तिथे गाड्या चढवायच्या शर्यती होतात. आम्ही अर्थातच त्यातले नव्हे. आजूबाजूच्या लहान टेकड्यांवर हौस भागवायची, संध्याकाळी शेकोटी आणि मटण, एवढाच बेत.

मी होतो एका सांगलीकर मित्राच्या निसान पॅट्रोलमध्ये. मागच्या सीटवर वहिनी आणि दोन मुलं. गाडी २००२ ची, वाय-६१ जातीची, पण बॉनेटखाली निसानचं इंजिन नव्हतं. तिथे एका शेवरोले ल्युमिनाचं सहा लिटरचं व्ही-८ बसवलेलं होतं. आपल्याकडे हे ऐकून लोक डोळे विस्फारतील, इथे कुणी मान वळवूनही पाहत नाही.

तिसऱ्या की चौथ्या टेकडीवर गाडीनं मान टाकली. मित्र म्हणाला, "वाळू मऊ लागलीय, टायरमधली हवा अजून काढू." मी डॅशबोर्डकडे पाहिलं. टेंपरेचरचा काटा बरोब्बर मध्यावर. मग आत एक गोडसर वास आला. ज्यानं एकदा तरी गाडीचं कूलंट सांडलंय त्याला तो वास विसरता येत नाही. माझ्या पिशवीत सवयीनं एक स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल असतो, गाडीच्या ओबीडी सॉकेटात खुपसायचा आणि मोबाइलवर इंजिनाचे आकडे वाचायचे. खुपसला. पाण्याचं तापमान: १२१ अंश. काट्याकडे पाहिलं, काटा मध्यावर. पुन्हा मोबाइल: १२२.

एकाच इंजिनाची दोन तापमानं. इंजिनाच्या कॉम्प्युटरला गाडी तापल्याचं माहीत होतं, म्हणूनच त्यानं ताकद कमी केली होती. चालवणाऱ्याला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. मुलांना दुसऱ्या गाडीत बसवलं, बॉनेट उघडून दीड तास थांबलो, चार बाटल्या पाणी ओतलं आणि हळूहळू डांबरी रस्त्याला लागलो. हेड गॅस्केट वाचलं हे नशीब. आम्ही तीन गाड्या होतो हे त्याहून मोठं नशीब.

परतताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. गेज बिघडतो, हे समजू शकतो. पण बिघडलेला गेज 'सगळं ठीक आहे' कसं काय म्हणतो?

याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. माझ्यापुरतं ते 'मागे' म्हणजे कोल्हापूर.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात माझ्या मामाकडे एक जुनी पेट्रोल जीप होती. पेट्रोल परवडेना, इंजिनही थकलेलं. तेव्हा गावोगावच्या जीपवाल्यांनी जे केलं तेच मामानं केलं: पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं. महिंद्राच्या डिझेल जीपमध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन येत असे, भंगारात गेलेल्या अशाच एका जीपमधलं ते हाती लागलं. (कुणी मॅटॅडोरचं बसवायचे. बजाज टेंपोच्या मॅटॅडोरमधलं ते इंजिन मुळात मर्सिडीजच्या घराण्यातलं, त्यामुळे 'आपल्या जीपला मर्सिडीजचं इंजिन हाय' असं सांगणारे वीर प्रत्येक तालुक्यात एक तरी असत.) इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, तेव्हा दोघांचे बोल्ट एकमेकांना जुळणार कसे? उद्यमनगरात एका लेथवर त्यासाठी पोलादाची प्लेट कातली. चार सूत जाड, म्हणजे अर्धा इंच. एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. तिला म्हणायचं ॲडॅप्टर.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मला आठवतं ते मेस्त्रींचं डायल गेज लावून फ्लायव्हील हातानं फिरवणं आणि पुन्हापुन्हा मान हलवणं. मध्य चुकला, अगदी केसभर चुकला, तरी गिअरबॉक्सचं बेअरिंग रडायला लागतं. पण ते रडतं! ऐकू येतं. प्लेटमध्ये चूक असेल तर ती आवाज करते, क्लच थरथरतो, सील गळतं, आणि जमिनीवर तेलाचा डाग पडतो. चुकीला तोंड असतं.

टेंपरेचरच्या गेजचंही तसंच. जुन्या विलीज जीपचा तापमानाचा गेज विजेवर चालतच नसे. इंजिनच्या पाण्यात बुडवलेला एक धातूचा बल्ब, त्यातून निघालेली केसासारखी तांब्याची नळी, आणि डॅशबोर्डवर त्या नळीतल्या दाबानं हलणारा काटा. नव्या इंजिनचा आटा वेगळा पडला म्हणून मेस्त्रींनी एक पितळी बुश कातून दिला, झालं. पाण्यानं ढकलायचं आणि काट्यानं हलायचं, मधे तिसरं कुणी नाही. नळी तुटली तर काटा डाव्या कोपऱ्यात मरून पडायचा. आणि जीप तासभर चालवूनही काटा जागचा हलत नसेल तर शेंबड्या पोरालाही कळतं की गेज गेला.

अर्थात इंजिनं बदलायचा धंदा काही कोल्हापूरनं शोधला नाही. फोर्डनं १९३२ साली सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं व्ही-८ काढलं आणि ते इंजिन कॅलिफोर्नियातल्या पोरांनी दिसेल त्या गाडीत कोंबलं. १९५५ साली शेवरोलेचं हलकं, लहान व्ही-८ आलं, मग त्याचा नंबर लागला. तेव्हाचं इंजिन म्हणजे एक स्वयंपूर्ण प्राणी होता. पेट्रोल द्या, बारा व्होल्ट द्या, धूर बाहेर जायला वाट द्या, की तो जगायचा. तो कुठल्या गाडीत आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

हे बदललं हळूहळू. १९६७ साली फोक्सवॅगननं बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन रस्त्यावर आणलं. १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या एका गाडीत बॉशनं इंधन आणि ठिणगी ही दोन्ही कामं एकाच डिजिटल डब्याकडे सोपवली. इथवरही ठीक होतं, कारण डब्याच्या तारा इंजिनापुरत्या होत्या. खरं वळण १९८६ चं. त्या वर्षी डेट्रॉइटच्या अधिवेशनात बॉशच्या लोकांनी 'कॅन' नावाची पद्धत मांडली: गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांनी दोन तारांच्या एकाच जोडीवर बोलायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, १९९३ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. तांब्याचं वजन वाचलं, वायरिंगचा गुंता सुटला, मोठंच काम झालं, यात वाद नाही. पण त्याबरोबर इंजिन एकटं राहिलं नाही. ते आता एका कुटुंबात राहू लागलं. ब्रेकचा कॉम्प्युटर काय म्हणतो, गिअरबॉक्स काय म्हणतो, चावी ओळखीची आहे का... चावीचं तर कायद्यानंच झालं, युरोपात १९९८ पासून नव्या गाडीला इमोबिलायझर सक्तीचा. असं इंजिन कुटुंबातून उचलून परक्या घरात नेलं की ते सुरूच होत नाही. झालंच तर दोन सेकंद चालून रुसतं.

आता हे सगळं अमिरातीत का येऊन थांबलं? तर वाळूमुळे.

१९४८ साली थेसिजर लिव्याला आला तो उंटावरून. त्यानंतर काहीच वर्षांत ब्रिटिशांनी शारजात उभारलेल्या ओमान लेव्हीजच्या (पुढे त्यांचे 'स्काउट्स' झाले) लँड रोव्हर याच वाळूत धावू लागल्या. १९७१ ला देश झाला, पैसा आला, आणि लँड रोव्हरची जागा लँड क्रूझर आणि पॅट्रोलनं घेतली. वाळूत गाडीला लागते ती ताकद, तीही ताबडतोब. चढावर एकदा गती गेली की गाडी पोटावर बसते. पॅट्रोलची सांगाडा-बांधणी आणि दोन्ही अखंड ॲक्सल इथल्या लोकांना मानवले. १९९७ मध्ये वाय-६१ आली, २००१ च्या सुमारास तिला ४.८ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन मिळालं, आणि इथल्या पोरांनी त्याला टर्बो लावून जे काही प्रताप केले ते तल मोरीबवर जाऊन स्वतःच ऐकावेत. २०१० मध्ये निसाननं पुढची, व्ही-८ वाली पॅट्रोल जगासमोर आणली तीही अबू धाबीतच. तरी जुन्या वाय-६१ चं वेड गेलं नाही.

दुसरीकडे, शेवरोलेच्या नावाखाली आखातात विकल्या जाणाऱ्या कॅप्रिस आणि ल्युमिना या गाड्या मुळात ऑस्ट्रेलियातल्या होल्डन. त्यांत जनरल मोटर्सचं 'एलएस' घराण्याचं व्ही-८ असे. हे इंजिन १९९७ मध्ये कॉर्व्हेटमध्ये पहिल्यांदा आलं. ॲल्युमिनियमचं, ताकदीच्या मानानं हलकं, आणि डोक्यावर चार-चार कॅमशाफ्टचा पसारा नसल्यामुळे आकारानं आटोपशीर. कुठेही मावणारं. अशा गाड्या अपघातात मोडल्या की त्यांची इंजिनं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात येऊन पडत. तिथे जपानहून आलेले 'हाफ कट'ही रचलेले असतात, म्हणजे गाडीचा पुढचा अर्धा भाग इंजिन-गिअरबॉक्स-वायरिंगसकट कापून आणलेला. दुकानांच्या रांगा पाहत फिरलं की उद्यमनगर आठवतं, फक्त आकारमान पन्नासपट आणि भाषा उर्दू-मल्याळम.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण आपल्या लोकांचा समज असतो की इथे सगळं चालतं. चालत नाही. २०१७ च्या नियमावलीप्रमाणे परवानगीशिवाय इंजिनात बदल केला तर १००० दिरहम दंड, १२ काळे गुण आणि ३० दिवस गाडी जप्त. मित्राच्या गाडीचे कागद रीतसर होते, नवीन इंजिन मुल्कियावर चढलेलं होतं, दरवर्षी पासिंगही होत होतं. पासिंगला काटा मध्यावर असला की कुणी अजून खोलात जात नाही.

तर आता मूळ प्रश्नाकडे. ल्युमिनाचं इंजिन पॅट्रोलमध्ये बसवायला पोलादी ॲडॅप्टर अजूनही लागतोच. तो भाग सोपा, आणि आता तर संगणकावर कातलेल्या प्लेट तयार मिळतात. खरी पंचाईत डॅशबोर्डची. जुन्या पॅट्रोलच्या डॅशबोर्डला कॅन-बिन काही कळत नाही. त्याला हव्यात साध्या तारा: एका तारेवर वेगाचे स्पंद, एकीवर इंजिनच्या फेऱ्यांचे, एकीवर तापमानाचा रोध. आणि इंजिनाचा कॉम्प्युटर बोलतो कॅनवर. म्हणून मधे एक दुभाष्या बसवतात, काडेपेटीहून थोडा मोठा प्लास्टिकचा डबा. त्यालाही ॲडॅप्टरच म्हणतात. ज्यांच्या जुन्या मारुतीला सीएनजी कीट होतं त्यांना हा प्राणी ओळखीचा असेल. गॅसवर गाडी चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, पण कॉम्प्युटरला ते कळलं तर तो दिवा लावून बोंब मारतो. म्हणून 'इम्युलेटर' नावाचा डबा त्याला सांगत राहतो की, इंजेक्टर इथेच आहेत, उत्तम चाललंय. थोडक्यात, थापा मारायचं यंत्र. सद्हेतूनं मारलेल्या, पण थापाच.

दुभाष्याचं काम वाटतं तितकं सोपं नसतं. एक गंमत सांगतो. अनेक जपानी गाड्यांत वेगाचं मानक असं आहे की ताशी ६० किलोमीटरला स्पीडोमीटरचा दांडा मिनिटाला ६३७ फेऱ्या घेतो. फेरीला ४ स्पंद धरले तर किलोमीटरला २५४८ होतात. जनरल मोटर्सची अमेरिकी परंपरा मैलाला ४००० स्पंदांची, म्हणजे किलोमीटरला सुमारे २४८५. फरक जेमतेम अडीच टक्के! त्यामुळे कुणी नुसत्याच तारा जोडल्या तरी स्पीडोमीटर 'जवळजवळ बरोबर' दाखवतो. मग लोक म्हणतात, ॲडॅप्टर लागतोच कशाला? लागतो, कारण एकाच्या स्पंदाची उंची दुसऱ्याला पुरत नाही, आणि काटा कधी चालतो, कधी नाही. फेऱ्यांच्या काट्याला तर अशी सूटही नाही. सहा सिलिंडरांसाठी बनलेल्या काट्याला एका फेरीत ३ स्पंद हवेत, एलएसचा कॉम्प्युटर बऱ्याचदा २ देतो, म्हणजे इंजिन ३००० वर असताना काटा २००० दाखवणार. हे निदान लगेच दिसतं तरी.

तापमानाचं वेगळं. काटा अपेक्षित जागी असला की कुणी शंका घेत नाही. त्यात एक गोष्ट गाड्यांच्या कंपन्यांनीच करून ठेवली आहे: गेल्या तीसेक वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांचा टेंपरेचरचा काटा साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत मुद्दाम मध्यावरच ठेवतात, कारण तो जरा हलला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतं. काटा मध्यावर म्हणजे सगळं आलबेल, ही सवय आपल्या डोळ्यांना कंपन्यांनी लावली. शारजातल्या डब्यानं तिचा फायदा घेतला इतकंच.

पुढच्या शनिवारी आम्ही गाडी घेऊन ज्या गॅरेजात काम झालं होतं तिथे गेलो. पेशावरकडचे साठीचे उस्ताद आणि वायरिंगला केरळचा एक इलेक्ट्रिशियन, सगळे त्याला चेट्टा म्हणतात. त्यांनी गाडी तासभर उभ्या उभ्या चालवली. काटा नीट वर गेला, मध्यावर थांबला, मोबाइलवरचा आकडाही जुळला. दोष सापडेना. उस्ताद म्हणाले, "गेज ठीक है साब. उसको जो बोलो, वो दिखाता है." आमच्याकडे संशयानं पाहणं सुरू झालं. 'अनपढ आदमी डेझर्ट में गाडी चलाता है' असं मनात म्हणत असावेत.

अधूनमधून येणारा दोष हा सगळ्यात वाईट. माझं पोटापाण्याचं काम सेन्सरांच्या सिग्नलांचं, डॉक्टरेटची चार वर्षं मी असल्याच भुतांच्या मागे काढली आहेत, त्यामुळे एक कळत होतं: दोष 'कधीतरी' येत नसतो, त्याला त्याची अट हवी असते. ती अट गॅरेजच्या सावलीत पुरी होत नव्हती.

आधी सोपी तपासणी. बॅटरी काढून कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजला. या दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, दोन समांतर म्हणजे मीटरवर ६० यायला हवेत. आले ४०. म्हणजे कुठेतरी तिसरा १२० होता. डबा उघडला तर त्यातच सापडला. बनवणाऱ्यानं धरून चाललेलं की आपला डबा नेहमी तारेच्या टोकालाच असणार, इथे तो मधेच लटकवला होता. ४० ओहमवरही कॅन बहुधा चालतं, पण काठावर. आजारी माणूस उभा राहतो तसं.

मग मीटर व्होल्टवर लावला. एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, दुसरं डब्याची अर्थिंग जिथे स्क्रूनं बसवली होती त्या डॅशबोर्डमागच्या पत्र्याला. हे दोन्ही 'शून्य' असायला हवेत. इंजिन थंड असताना शून्यच होते. चेट्टा म्हणाला, "अर्थ ओक्के." मी म्हटलं, "चेट्टा, रुको, फॅन चलने दो." जुन्या पॅट्रोलचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा, पण या इंजिनासमोर विजेचे दोन मोठे पंखे होते. इंजिन ९८ अंशांना पोचलं, दोन्ही पंखे धडाडले, आणि मीटरवरचा शून्य दीड व्होल्टच्या वर गेला. पंख्यांची अर्थिंग बॉडीला दिलेली होती, आणि बॉडीकडून इंजिनाकडे परतायची वाट म्हणजे एक बोटभर रुंदीची विणलेली पट्टी, तीही रंग न खरवडता बोल्टखाली दाबलेली. समुद्राच्या दमट हवेनं बोल्टखाली हिरवा गंज. पन्नासेक ॲम्पिअर त्या चिंधीतून जायला बघत होते.

आणि मग मला सगळं दिसलं. पंखे कधी लागतात? इंजिन तापतं तेव्हा. पंखे लागले की डब्याच्या पायाखालची जमीन दीड व्होल्टनं वर उचलली जाते. आधीच काठावर असलेली कॅनची बोली त्याला कळेनाशी होते, निरोप येणं थांबतं. निरोप थांबला की डब्यानं काय करावं? बनवणाऱ्यानं ठरवलं होतं की शेवटचा आकडा धरून ठेवावा, म्हणजे काटा उगाच थरथरणार नाही. शेवटचा आकडा कुठला? पंखे लागतात तेव्हाचा, ९८ अंशांचा. म्हणजे मध्य! गॅरेजात पंखे मिनिटभरात बंद होतात, निरोप पुन्हा सुरू होतो, काटा खरं बोलू लागतो. लिव्यात पंखे बंदच झाले नाहीत, त्यात एका पंख्याचं कनेक्टर वितळून तो गेलेला, आणि काटा ९८ वर गोठून राहिला. हा डबा फक्त धोक्याच्या वेळी खोटं बोलत होता. आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरनं पेटवायचा इशाऱ्याचा दिवा? त्याची तार पॅट्रोलच्या डॅशबोर्डला कुणी जोडलीच नव्हती. तो दिवा मागल्या जन्मीच्या ल्युमिनाबरोबरच भंगारात गेला होता.

मी कागदावर चित्र काढून उस्तादांना दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, मग चेट्टाला उर्दूत जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचाऱ्या चेट्टाची चूक तशी अर्धीच. असले डबे विकणारे त्याबरोबर जे पान देतात त्यात 'काळी तार जमिनीला' एवढंच असतं. कुठल्या जमिनीला, हे लिहायचं कुणाच्या मनात येत नाही. प्लेट कातणाऱ्या मेस्त्रीला मध्य चुकला तर काय होतं हे बापानं शिकवलेलं असतं. या तारांची विद्या शिकवणारा बाप अजून तयार व्हायचा आहे.

डब्याच्या आत अजून एक गोष्ट दिसली ती सांगतो, कारण इथल्या गाड्यांत ती सर्रास असणार. आतल्या मुख्य चिपची तापमानाची हमी ० ते ७० अंश होती, म्हणजे घरातल्या रेडिओची प्रत. गाडीच्या कामाला उणे ४० ते १२५ ची लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अल ऐनजवळच्या स्वैहानला सावलीत ५१.८ अंश नोंदले गेले. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड इथे उन्हाळ्यात ७० कधीच ओलांडतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना हिशेब. तो लावला तर असला डबा दोन उन्हाळे टिकला हेच विशेष. 'ॲडॅप्टर बेभरवशाचे असतात' अशी इथे सगळ्यांची तक्रार असते. त्यातले निम्मे बेभरवशाचे असतात, उरलेल्या निम्म्यांना आपण बेभरवशाच्या जमिनीवर उभं करतो.

दुरुस्ती फार नव्हती. इंजिन आणि बॉडीमध्ये अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन केबल, पत्रा खरवडून. पंख्यांची अर्थिंग सरळ बॅटरीला. डब्याची अर्थिंग इंजिनाच्या कॉम्प्युटरच्याच बिंदूला. तिसरा १२० चा रोध कापून टाकला. वितळलेलं कनेक्टर बदललं. मीटरवर पंखे चालू असताना ०.०६ व्होल्ट आले तेव्हा चेट्टा पहिल्यांदा हसला.

उरला टेंपरेचरचा काटा. माझा विचार होता की डब्याचा प्रोग्राम बदलून घ्यावा, निरोप थांबला तर काटा तळाशी टाकावा. मी दोन रात्री बसून बनवणाऱ्यांना सविस्तर मेल लिहिली. उत्तर आलं नाही. उस्तादांना मी हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांनी पॅट्रोलच्या जुन्या इंजिनमधला मूळ एका तारेचा सेंडर भंगाराच्या डब्यातून शोधून काढला, व्हर्नियरनं त्याचा आटा मोजला, आणि पोराला लेथकडे पिटाळलं. अर्ध्या तासानं पोरगा एक पितळी बुश घेऊन आला. तो व्ही-८ च्या हेडमधल्या रिकाम्या भोकात बसला, त्यात निसानचा सेंडर, आणि तिथून एकच तार सरळ निसानच्या काट्याला. डबा आता फक्त वेग आणि फेऱ्या सांगतो.

बुशाचे तीस दिरहम झाले. मित्रानं शंभर दिले तर उस्तादांनी सत्तर परत केले.